भिंतीवरची सारा

तारीख 1 जानेवारी 1895, वार मंगळवार. तुम्ही पॅरिसमध्ये बुलेव्हार सँ-मार्तांच्या पदपथावर उभे आहात. गार वारा कानाला झोंबतो आहे. नववर्षाच्या खरेदीसाठी रस्त्याच्या कडेने लाकडी टपऱ्यांची रांग लागली आहे, भाजलेल्या चेस्टनटचा वास सुटला आहे, घोड्यांच्या ऑम्निबस दगडी रस्त्यावरून खडखडत चालल्या आहेत. समोर दोन नाट्यगृहं एकमेकांना खेटून उभी आहेत. एक पोर्त सँ-मार्तां, दुसरं रेनेसान्स. रेनेसान्स 1893 पासून नटी सारा बर्नहार्ट चालवते. कंपनी तिची, नायिकाही तीच. आत चालू असलेलं नाटक व्हिक्टोरियाँ सार्दूचं ‘जिस्मोंदा’. त्याचा पहिला खेळ 31 ऑक्टोबर 1894 रोजी झाला.

आज मात्र तिकीट काढायचं नाही. आज भिंत बघायची आणि भिंतीकडे बघणारी माणसं बघायची.

आधी डोळ्यांना या शहराची सवय होऊ द्या. इथली प्रत्येक मोकळी भिंत काहीतरी सांगते आहे. 29 जुलै 1881 च्या कायद्याने जाहिराती लावायला मोकळीक दिली, आणि जिथे लावायच्या नसतील तिथे घरमालक त्याच कायद्याची तारीख भिंतीवर रंगवून ठेवतात. साधा मजकूर पांढऱ्या कागदावर छापलेला दिसला की तो सरकारी समजायचा. खाजगी माणसाला तशी मुभा नाही. त्यामुळे पॅरिसकर एक अक्षरही न वाचता, नुसत्या कागदाच्या रंगावरून सरकारी हुकूम आणि बाजारातली हाक वेगळी ओळखतो. पदपथावर हिरवे, गोल, डोक्यावर घुमटी असलेले खांब दिसतात ना? ते मॉरिस नावाच्या मुद्रकाचे, 1868 पासूनचे, खास नाटकांच्या जाहिरातींसाठी उभारलेले. त्यांच्यावर बहुतेक नुसती अक्षरं असतात: नाट्यगृह, नाटक, नटनट्या. नाव जितकं मोठं तितक्या मोठ्या टायपात. नटाचं वजन किती, हे प्रेक्षक अक्षराच्या उंचीवरून ठरवतो.

आता चित्रांकडे वळा. लाल, पिवळा, निळा असे भडक रंग आणि हवेत तरंगणाऱ्या, हसऱ्या, उडत्या झग्यांतल्या बायका दिसल्या, तर ते काम बहुधा ज्यूल शेरेचं. रंगीत शिळाछापातलं पोस्टर शहरभर पोहोचवलं ते याच माणसाने. त्याची बाई दिसली की प्रेक्षक समजतो, इथे गाणं आहे, नाच आहे, पेयं आहेत आणि डोक्याला ताप नाही. त्याच्या अगदी उलट तुलूझ-लोत्रेक. 1893 मध्ये त्याने गायक आरिस्तिद ब्रुआँला पाठमोरा काढला. काळा झगा, टोपी, लाल मफलर आणि बाजूला वळलेला चेहरा, बस्स. ब्रुआँ कसा असेल हे त्या पाठीवरूनच कळतं: करडा, रोखठोक, समोर बसलेल्याला चार शब्द सुनावणारा. आणि भडक नाटकांच्या पोस्टरवर सर्वांत थरारक प्रसंग काढायची रीत आहे. उगारलेला सुरा, जळणारं घर, कड्यावरून कोसळणारी गाडी. ते बघून माणूस ठरवतो, हा प्रसंग बघायला जायचं.

म्हणजे नाटकाचं पोस्टर कसं वाचायचं, याचं शिक्षण या शहराने आधीच घेतलेलं आहे. आज त्या शिक्षणाची परीक्षा आहे.

तो बघा, पोस्टर चिकटवणारा आला. खांद्यावर शिडी, हातात खळीची बादली, लांब दांड्याचा कुंचा, काखेत कागदाची भेंडोळी. भिंतीवर कुंचा फिरतो, खळीचा आंबूस दर्प तुमच्यापर्यंत येतो. तो आधी एक तुकडा लावतो, मग दुसरा. पोस्टर दोन तुकड्यांचं आहे, कारण एवढं उंच चित्र एका दगडावर मावत नाही. शिळाछापात चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट भागाला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तुकडे जिथे मिळतात तिथे तो दोनदा कुंचा दाबून नेतो, कडा सारख्या करतो आणि शिडी उचलून पुढच्या भिंतीकडे निघतो.

आता बघा. उंची दोन मीटरहून जास्त, सुमारे 216 सेंटीमीटर. रुंदी जेमतेम 74. दाराच्या फटीतून दिसावी तशी अरुंद जागा आणि तिच्यात जवळपास माणसाच्या मापाची एक स्त्री उभी. अंगावर जमिनीपर्यंत लोळणारा, रुंद काठांचा, भरजरी पोशाख. केसांत ऑर्किडची फुलं. हातात ताडाची एक फांदी. चेहरा बाजूला वळलेला. ती आपल्याकडे बघतही नाही. डोक्यामागे अर्धगोल कमान, कमानीत सोनेरी चौकोनी तुकड्यांची मोझाइक नक्षी, आणि त्या नक्षीत नाव: सारा बर्नहार्ट. रंग फिके, मंद सोनेरी, तपकिरी, हिरवट, जांभळट. भडक रंगांच्या गर्दीत या पोस्टरचा आवाज खालचा आहे, आणि म्हणूनच नजर इथे येऊन थांबते. आजूबाजूची चित्रं धावतायत, उडतायत, हसतायत. ही एकटी स्थिर उभी आहे.

भिंतीपासून दोन पावलं मागे या. कोण काय बघतं ते बघू.

ब्रिटनीतल्या खेड्यातून इथे घरकामाला आलेली एक बाई टोपली सावरत थांबली आहे. तिला फ्रेंच वाचता येईलच असं नाही. पण हे चित्र तिच्या ओळखीचं आहे. गावच्या चर्चमध्ये कोनाड्यात उभे असलेले संत तिने लहानपणापासून पाहिले आहेत. डोक्यामागे सोनेरी वलय, अंगावर जड वस्त्र, हातात ताडाची फांदी. ख्रिस्ती चित्रकलेत ती फांदी हुतात्म्यांची खूण असते. धर्मासाठी जीव दिलेल्या संताच्या हाती ती देतात. तिच्या हिशेबाने ही कोणी संतीण आहे. कोणती, एवढंच तिला ओळखू येत नाही.

तिच्या मागून एक वयस्क जोडपं येतं. त्यांनी हे नाटक शरदात पाहिलं आहे. त्यांची नजर सरळ फांदीवर जाते, आणि दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावतात. त्यांना तो शेवटचा अंक आठवला. नाटक पंधराव्या शतकातल्या अथेन्समध्ये घडतं. डचेस जिस्मोंदाचा लहान मुलगा वाघाच्या खड्ड्यात पडतो, आणि जो त्याला वाचवेल त्याच्याशी लग्न करीन अशी शपथ ती घेते. वाचवतो तो आल्मेरियो, ससाणे सांभाळणारा एक साधा माणूस. पुढे बरंच काही घडून शेवटी ईस्टरच्या सुमाराची मिरवणूक येते आणि तिच्यात डचेस या पोशाखात, हाती फांदी घेऊन उभी राहते. वसईच्या ख्रिस्ती घरांतून वाढलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. झावळ्यांच्या रविवारी अशीच फांदी हाती येते. त्या जोडप्यासाठी ही हुतात्म्याची खूण नाही. ही नाटकाच्या शेवटाची खूण आहे, आणि ती फक्त नाटक बघितलेल्यालाच कळते. ज्याने नाटक पाहिलेलं नाही त्याच्यापासून शेवट लपलेलाच राहतो.

चित्रात वाघ नाही, खड्डा नाही, मूल नाही, प्रियकर नाही. रूढ पद्धतीने काढलं असतं तर वाघाच्या जबड्यासमोरचं मूल हमखास आलं असतं.

तिसरी आहे टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. दिवसभर ती कापड आणि फुलं हाताळते. ती बघते काठ, भरतकाम, कापडाचा घोळ, केसांतली फुलं. तिला कथा नको, धर्म नको. ही फुलं अशीच्या अशी टोपीवर बसवता येतील का, हा तिचा प्रश्न. तिचं वाचनही खोटं नाही. साराच्या नाटकाला लोक तिचे पोशाख बघायलाही जातात, आणि हे पोस्टर त्या पोशाखाचं निमंत्रणच आहे.

आणि चौथा, चाळिशीतला, नाटकांचा जुना शौकीन. तो आधी कमान बघतो, मग मोझाइक. त्याच्या मनात दहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर जागा होतो. 1884 मध्ये, याच रस्त्यावर, शेजारच्याच पोर्त सँ-मार्तां नाट्यगृहात, सार्दूच्याच नाटकात सारा बायझँटाइन सम्राज्ञी थिओडोरा झाली होती. सोन्याच्या तुकड्यांची ती कमान त्याला त्या राणीची आठवण देते. सारा म्हणजे पूर्वेकडची, दूरची, रत्नजडित राणी, ही प्रतिमा त्याच्या डोळ्यांत आधीपासून आहे. पोस्टरने फक्त तिला हाक मारली.

चार नजरा, एक कागद. चारही नजरांनी बघितलं वेगळं, आणि चारही बरोबर आहेत. नाटकाच्या पोस्टरचा अर्थ छापखान्यात पूर्ण होत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी जी चित्रं साठलेली असतात, त्यांच्याशी नवं चित्र जुळतं आणि तिथे अर्थ उभा राहतो. चित्रकाराचं कसब म्हणजे कोणती जुनी चित्रं जागी होतील याचा अचूक अंदाज.

हे मराठी डोळ्याला परकं नाही. याच 1894 साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, आणि असेच दगडावरून छापलेले रंगीत देव घराघरांत पोहोचू लागले. कमळ दिसलं की लक्ष्मी, वीणा दिसली की सरस्वती. खाली नाव छापायची गरज नाही. मूर्तीमागची प्रभावळ बघून मोठा झालेला माणूस या पॅरिसच्या भिंतीसमोर उभा राहिला, तर कमानीचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागणार नाही. देवाला जी चौकट देतात ती या बाईला दिली आहे, एवढं त्याला क्षणात कळेल. धर्म वेगळा, देश वेगळा, पण पाहण्याची रीत सारखी.

आणि इथेच या पोस्टरचं धाडस आहे. ती चौकट मिळाली आहे एका नटीला. डोक्यामागे कोण्या संताचं नाव नाही, भूमिकेचंही नाही. नटीचं स्वतःचं नाव तिथे कोरलं आहे. सारा आता 50 वर्षांची आहे. नाडारसारख्या छायाचित्रकारांनी काढलेले तिचे फोटो शहराने वर्षानुवर्षं पाहिले आहेत, तिचं वय कोणापासून लपलेलं नाही. मोझाइकमधल्या बाईला मात्र वय नसतं. पोस्टर बघणाऱ्याला सांगतं: तरुण नायिका बघायला येऊ नकोस, साराला बघायला ये. प्रेक्षक कोणत्या मनाने दारातून आत शिरेल, हे इथे भिंतीवरच ठरून जातं.

आता सहा दिवस मागे चला. 26 डिसेंबर 1894, लेमेर्सिएचा छापखाना. नाताळच्या सुटीमुळे नेहमीचे चित्रकार गावाला गेले आहेत. एका मित्राची प्रुफं तपासायला आल्फोन्स मुखा नावाचा चौतिशीतला तरुण थांबला आहे. जन्म मोरावियातल्या इव्हान्चित्से गावचा. पॅरिसमध्ये पुस्तकांची आणि नियतकालिकांची चित्रं काढून पोट भरतो. व्यवस्थापक मॉरिस द ब्रुनोफकडे साराचा निरोप येतो: जिस्मोंदासाठी नवं पोस्टर हवं, आणि नववर्षाच्या दिवशी भिंतीवर हवं. दुसरं कोणी हाताशी नाही म्हणून काम मुखाकडे येतं. मुखाच्या आयुष्याची ही हकिगत अशीच सांगितली जाते. पण सारा त्याला नवखी नव्हती. 1890 मध्येच नाट्यवेशभूषेच्या एका नियतकालिकासाठी त्याने क्लिओपात्राच्या वेशातली सारा काढली होती. संधी अचानक आली असेल, हात मात्र तयार होता.

साराला पोस्टर आवडलं. तिने मुखाला काही वर्षांच्या कराराने बांधून घेतलं आणि या पोस्टरच्या आणखी 4,000 प्रती मागवल्या.

परत या, पण आता रात्र आहे. रस्ता रिकामा आहे, गॅसचे दिवे मिणमिणतायत, आणि मघाच्या भिंतीशी कोणीतरी वाकला आहे. हातात वस्तरा. खळ पुरती वाळायच्या आत तो कडेने पातं घालून कागद सोडवतो आहे. पॅरिसमध्ये पोस्टरं जमवण्याचं वेडच लागलं आहे. एदमों सागोसारखे विक्रेते पोस्टरं दुकानात मांडतात, त्यांची यादी छापतात. काही संग्राहक चिकटवणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून कोरी प्रत मिळवतात, काही असे अंधारात येतात. या माणसासाठी पोस्टरचा अर्थ अजूनच निराळा. तारीख, नाट्यगृह, तिकीट, सगळं गळून पडलं. आता ते भिंतीवरून उतरून घरातल्या चौकटीत जाणारं चित्र आहे. जाहिरातीचं आयुष्य काही दिवसांचं. या वेड्या माणसांनी ते शतकाचं केलं.

पुढची वर्षं झरझर उलटू द्या. भिंत तीच, नजर मात्र शिकत चालली आहे. 1896 मध्ये ‘ला दाम ओ कामेलिया’चं पोस्टर येतं. पांढऱ्या वस्त्रातली सारा, मागे चांदण्या, वरच्या कोपऱ्यांत काट्यांनी वेढलेली हृदयं, खाली एका हातात कॅमेलियाची डहाळी. नायिका शेवटी मरते हे पॅरिसला पाठ आहे, म्हणून मृत्यू दाखवायची गरजच नाही. काटे पुरतात.

1898 च्या पोस्टरसमोर मात्र थांबाच. नाटक ‘मेदे’, जुनी ग्रीक कथा: पतीने सोडलेली मेडिया सूडापोटी स्वतःच्या मुलांना मारते. मुखाने इथे थरारक प्रसंग निवडला, पण त्यानंतरचा क्षण काढला. हातात रक्ताळलेला सुरा, पायाशी निपचित पडलेली मुलं, आणि झग्याने अर्धं तोंड झाकलेली सारा. उघडे आहेत ते फक्त डोळे. विस्फारलेले, थिजलेले, समोर रोखलेले. जिस्मोंदाने तुमच्याकडे पाहिलंही नव्हतं. मेडिया तुमच्यावरून नजर काढत नाही. जवळ जा आणि तिच्या मनगटाकडे बघा. तिथे एक सर्प वेटोळं घालून बसला आहे. ते कंकण मुखाच्या कल्पनेतून आलं. साराला ते इतकं भावलं की जॉर्ज फूके या सराफाकडून तिने तसं खरं कंकण घडवून घेतलं. चित्र नटीकडे बघून काढलं होतं. आता नटी चित्राकडे बघून सजली. पोस्टर वाचणाऱ्यांत सारा स्वतःही होती.

1899 मध्ये ती रेनेसान्स सोडते आणि मोठं नाट्यगृह घेऊन त्याला स्वतःचं नाव देते. तिथल्या ‘हॅम्लेट’चं पोस्टरही मुखाचंच. या भिंतीवर मग दुसऱ्यांची नाटकं येतात, खळीवर खळ चढते, कागदावर कागद. इथून तुम्ही परत निघा.

परतताना एक गोष्ट सोबत आणा. जिस्मोंदाचं पोस्टर आज संग्रहालयांत जपलेलं आहे आणि जगभर छापलं जातं, पण ‘जिस्मोंदा’ हे नाटक क्वचितच कोणी वाचतं. तरी नाटक विसरलं गेलं आणि चित्र उरलं एवढंच म्हणून भागत नाही. ब्रिटनीची बाई, ते वयस्क जोडपं, टोपीवाली मुलगी, तो शौकीन. यांच्यासारख्या नजरा लक्षात घेतल्या नाहीत तर ते सुंदर चित्र अर्धंच उरतं. फांदी नुसती शोभेची वाटते, कमान नुसती नक्षी वाटते. पोस्टर जपायचं तर त्याच्यासोबत त्याचा प्रेक्षकही जपावा लागतो.

म्हणून मराठी नाटकावर जीव असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी नाट्यगृहाबाहेरच्या फलकासमोर दोन मिनिटं उभे राहा. काय दाखवलं आहे, काय मुद्दाम लपवलं आहे, कोणाचं नाव किती मोठं आहे, आणि तुमच्या मनात कोणती जुनी आठवण जागी झाली, ते बघा. शेजारच्या माणसाला काय दिसलं तेही विचारा. घरात एखादं जुनं हँडबिल असेल, वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीचं कात्रण असेल, तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला तारीख लिहा, नाट्यगृहाचं नाव लिहा, आणि ते बघून तुम्हाला काय वाटलं होतं, तेही दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या पिढीला मराठी नाटक कसं दिसत होतं हे शोधायचं असेल, तेव्हा छापील बाजूइतकीच ती मागची बाजूही कामाला येईल.